सोलरला कल्हई

माझ्या सासऱ्यांना कोणाच्या घरी जेवायला न्यायचं म्हणजे माझ्या जिवाला घोर असायचा. ताट समोर आलं की ते जेवणाकडे बघत नसत, ताटाकडे बघत. वाटी उचलून तिचा तळ तपासत. एकदा माझ्या माहेरी, पलूसला, भावाच्या साखरपुड्यात पंगतीला बसले असताना त्यांनी शेजारच्या पाहुण्याचा पेला हातात घेतला, नखानं टिचकी मारली आणि "स्टील" एवढंच म्हणून खाली ठेवला. कोणाचा तरी पोरगा नापास झाल्याची बातमी द्यावी तसा आवाज. तो पाहुणा नवरीचा मामा निघाला. त्यानं त्या दिवशी त्या पेल्यातून पाणी काही प्यायलं नाही.

सासरे कल्हईवाले. तांब्या-पितळेच्या भांड्यात आंबट काही ठेवलं की ते कळकतं, म्हणून भांडं आधी घासून लख्ख करायचं, मग भट्टीवर तापवायचं आणि आतून कथलाचा पातळ हात फिरवायचा. काळं पातेलं पांढरंशुभ्र होऊन निघतं. आमची गल्ली कोरेगावात, बाजारापासून खाली उतरून ओढ्याच्या काठाला. तिच्यात एके काळी एका घराआड एक भट्टी होती आणि सासरे सायकलला भाता बांधून आसपासच्या गावांतून हिंडायचे. मग घरोघरी स्टील आलं, त्याच्यामागून अ‍ॅल्युमिनिअम, त्याच्यामागून ते काळे तवे ज्यांना घासणी लावायचीच नसते. भट्ट्या विझल्या. पोरं टेंपोवर लागली, गॅरेजात लागली. माझा नवरा कराडला पार्सलच्या गाडीवर गेला आणि सासरे ओट्यावर बसले.

सासूबाई होत्या तोवर ते बसणं खपून गेलं, कारण त्या त्यांच्याशी दिवसभर भांडायच्या. त्या गेल्या आणि भांडायला कोणी उरलं नाही. मी भांडून बघितलं, पण सुनेच्या भांडणाला ते उत्तर देत नसत, "बरं" म्हणायचे. सकाळची नमाज झाली की ओटा, दुपारी भाकरी, पुन्हा ओटा. पुढं पुढं भाकरी अर्धीच जायला लागली. मग घरातली भांडी उलटी करून बघणंही त्यांनी सोडलं, तेव्हा मात्र मी घाबरले. माणूस खोड सोडतो तेव्हा तो बाकीचंही सोडायच्या बेतात असतो. मला सासरे आवडायचे, हे लिहायला मला लाज वाटत नाही. मी लग्न होऊन आले तेव्हा माझा पहिला स्वयंपाक खारट झाला होता आणि ते एकटेच दुसऱ्यांदा मागून जेवले होते.

अशात सोलर आलं.

आमची गल्ली विजेच्या तारेच्या अगदी शेवटच्या टोकाला आहे. सगळ्या गावानं वापरून उरेल ती वीज आमच्याकडे यायची. पंखा फिरायचा, पण फिरावं की नाही याचा विचार करत फिरायचा. मी घरी ब्लाउज शिवते, पिको-फॉल करते. संध्याकाळी माझ्या मशीनवरचा बल्ब इतका पिवळा पडायचा की लाल ब्लाउजला नारिंगी दोरा लागायचा आणि गिऱ्हाइकाला तीच फॅशन आहे म्हणून सांगावं लागायचं. पाण्याची तऱ्हा त्याहून वाईट. नळाचं पाणी खालच्या हौदात पडतं, तिथून ते मोटरनं वरच्या टाकीत चढवायचं. पाणी असलं की लाइट नसायची आणि लाइट असली की हौद कोरडा. मग बायका हंडे घेऊन ओढ्यापलीकडच्या बोअरला जायच्या. ज्या घरांत म्हाताऱ्या बायका एकट्या राहतात, त्यांना कोणी आणून दिलं तर पाणी, नाहीतर नाही.

एका संस्थेनं ठरवलं की आमच्या शादीखान्याच्या स्लॅबवर सोलरच्या प्लेटा बसवायच्या, खालच्या खोलीत बॅटऱ्या ठेवायच्या, त्यावर टाकीची मोटर चालवायची, गल्लीतले दिवे लावायचे आणि दर घराला दोन बल्ब नि एक पंखा द्यायचा. वीज सगळ्या गल्लीची आणि सांभाळायचीही गल्लीनंच. कमिटी झाली. बांगड्यावाल्या चाची अध्यक्ष झाल्या, कारण त्यांचा आवाज ओढ्यापलीकडे जातो. मी बारावी पास म्हणून सेक्रेटरी झाले. पुरुषांनी सल्लागार होणं पसंत केलं.

संस्थेची इंजिनिअर म्हणजे सांगलीची एक तरुण मुलगी. पाठीवर सॅक, पायात बूट. तिनं शादीखान्यात सगळ्यांना बसवून सोलर समजावलं आणि वर प्रश्न विचारा म्हणाली. पावसाळ्यात काय करायचं, हे झालं. ग्रहणात प्लेटा झाकायच्या का, हे झालं. चाचींनी विचारलं, "ह्या लाइटीवर फ्रिज गार व्हतोय का? न्हाई म्हंजी, मूळचं उनाचं हाय, म्हून इचारलं." मुलीनं सगळ्यांना न हसता उत्तरं दिली. प्लेटांवर पापड-कुरडया वाळत घालू नका, गोधड्या टाकू नका, असंही बजावलं. शेवटी म्हणाली, "एक गोष्ट मात्र सांभाळा. धूळ बसू देऊ नका. दर पंधरा दिवसांनी साध्या पाण्यानं आणि मऊ फडक्यानं प्लेटा पुसायच्या. हे काम कोण घेणार?"

पुरुष म्हणाले, पुसापुशी बायकांचं काम. बायका म्हणाल्या, साडी नेसून लोखंडी शिडीनं स्लॅबवर चढायचं म्हणजे खाली तिकीट लावावं लागेल. तेवढ्यात मागच्या सतरंजीवरून सासरे उठले. सासूबाई गेल्यापासून त्यांनी चारचौघांत तोंड उघडलं नव्हतं.

"घासायचंच काम हाय न्हवं?" ते म्हणाले. "मग आमी काय मेलोय व्हय?"

टाळ्या वाजल्या. इंजिनिअर मुलीनंही वाजवल्या.

दुसऱ्या दिवसापासून घरात वेगळाच माणूस वावरायला लागला. फज्रची, पहाटेची नमाज झाली की जुनी खाकी पँट गुडघ्यापर्यंत दुमडायची, हातात बादली, खांद्यावर फडकं, आणि निघायचं. पंधरा दिवसांनी सांगितलेलं काम ते रोज करत. आल्यावर अख्खी भाकरी खात आणि वर चटणीला तिखट नाही म्हणून मला बोलत. मी भिंतीकडे तोंड करून हसून घ्यायचे. एका दुपारी त्यांनी माझा कुकर उलटा केला आणि "ह्यो तळ हाय का चूल?" असं विचारलं. त्या दिवशी मी सोलरवाल्यांना मनापासून दुवा दिली. गल्लीचंही बरं चाललं होतं. टाकी भरत होती, माझ्या ब्लाउजांना बरोबर रंगाचा दोरा लागत होता आणि चाचींनी आपला पंखा दाखवायला माहेरच्यांना भर उन्हाळ्यात बोलावून घेतलं होतं.

आता सासऱ्यांच्या घासण्याविषयी सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यातनंच निघालं.

साधं पाणी आणि मऊ फडकं हे त्यांनी ऐकलं होतं, पण डॉक्टर 'तेल कमी खा' म्हणतो ते आपण ऐकतो तसं. सुरुवातीला त्यांनी फडक्यानंच पुसलं. मग एकदा जेवताना मला म्हणाले, "पोरी, त्या प्लेटा लय कळकल्यात गं. नव्या म्हून बसिवल्या, पर पार काळ्या हायत. काट धरलाय."

मी हुक लावत होते. "जाईल की हळूहळू, अब्बा," म्हणाले.

काळं ते घाण आणि पांढरं ते स्वच्छ, एवढ्या एका गोष्टीवर त्यांचं आयुष्य गेलं होतं. प्लेटा काळ्या होत्या, आणि फडक्यानं पांढऱ्या होत नव्हत्या. म्हणून त्यांनी गल्लीतून सामान मागवलं. चिंच, राख, नारळाची शेंडी. बायकांनी हौसेनं दिलं. चाचींनी तर राख चाळून दिली. एवढ्यानंही काम होईना तेव्हा ते आपल्या खास विद्येवर आले. लग्नातला बिर्याणीचा डेग हातानं घासून भागत नाही. कल्हईवाला त्याच्यात ओली वाळू टाकतो, अनवाणी पायांनी आत उभा राहतो, कशाला तरी धरतो आणि कमरेतून इकडून तिकडे गिरक्या घेतो. पायाखाली वाळू फिरते आणि भांडं लख्ख निघतं. सासरे आता डेगाऐवजी प्लेटेवर उभे राहिले. पापड घालू नका म्हणून बजावणाऱ्या मुलीला, प्लेटेवर उभं राहून नाचू नका हे सांगायचं सुचलं नव्हतं.

रोज सकाळी सगळी गल्ली ते बघायची. शादीखान्याच्या वर, उजाडत्या आभाळापुढं, एक म्हातारा माणूस लोखंडी पाइप धरून कंबर हलवतोय. परक्याला वाटावं व्यायाम चाललाय. चाची आपल्या मालकांना म्हणायच्या, "बघा जरा. त्यास्नी बघून तरी काय तरी शिका." चुकीचं कोणालाच वाटलं नाही. आम्ही सगळे कल्हईवाल्यांच्या घरचे. वाळूवर नाचल्याशिवाय भांडं निघत नाही, हे इथल्या पोरांना चालायच्या आधी कळतं. माणूस किती जीव ओतून करतो, असंच जो तो म्हणत होता.

पावसाळा सरला, ऊन कडक पडायला लागलं आणि टाकी अर्धीच भरायला लागली. पंखे दिवेलागणीलाच दमायला लागले. ऊन वाढतंय आणि वीज कमी होतेय, याचा अर्थ कोणाला लागेना. पहिला संशय बॅटऱ्यांवर गेला, मग गुऱ्हाळांच्या धुरावर. मग कोपऱ्यावरच्या घरावर, कारण त्यांनी चोरून गिझर बसवल्याची कुजबुज होती. चाचींनी जाऊन बघितलं तर ती पिठाची कोठी निघाली. कोणी तरी शादीखान्याच्या दाराला लिंबू-मिरची बांधली. सासऱ्यांनी तर सगळं स्वतःवरच घेतलं. "माजं घासणं कमी पडतंय," म्हणाले आणि दिवसातून दोनदा चढायला लागले.

शेवटी मी इंजिनिअर मुलीला फोन केला. ती आली, वर गेली आणि बराच वेळ खाली उतरली नाही. उतरली ती शादीखान्याच्या पायरीवर बसली आणि पाणी मागितलं. पाणी पिऊन झाल्यावर तिनं विचारलं, "साफ कोण करतं?"

"मी," सासरे म्हणाले. त्यांनी दुमडलेली पँट खाली सोडली, शर्ट ओढून सरळ केला. कौतुकाची वाट बघणारा माणूस लगेच ओळखू येतो. "दिसातनं दोनदा करतोय. चिंच, राख, मग वाळू. पर काट लय जुना हाय बाई, सुटता सुटंना. तरी पयल्यापरीस फिक्काट आलंय न्हवं?"

फिक्कट आलं होतं, हे खरंच होतं. मुलीनं त्यांच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. "खूप मेहनत घेतलीय, आजोबा," असं म्हणाली आणि मला बॅटऱ्यांच्या खोलीत घेऊन गेली.

तिथं दार लोटून तिनं मला सगळं सांगितलं. प्लेटा काळ्याच असतात. काळ्या असतात म्हणूनच त्या ऊन शोषून घेतात. वरची काच खरवडली गेलीय, त्यामुळं ऊन आत पोचत नाही, आणि माणसाच्या वजनानं आतल्या पट्ट्यांना तडे गेलेत. निम्म्या तरी प्लेटा बदलाव्या लागतील. संस्था बदलून देईल, पण आजोबा पुन्हा वर चढणार नाहीत असं कमिटीनं कबूल केलं तरच. "तुम्ही सांगाल ना त्यांना?" तिनं विचारलं.

मी हो म्हणाले. खोलीतून बाहेर पडताना मला एवढंच कळत होतं की सांगितलं नाही तर बायका पुन्हा हंडे घेऊन ओढ्यापलीकडे जाणार, आणि सांगितलं तर अब्बा पुन्हा ओट्यावर बसणार. या वेळी बसले तर ते उठतील का, याची मला खात्री नव्हती.

कमिटीची बैठक चाचींच्या घरी भरवली, तीही बांगड्या बघायला जमल्याचं सोंग करून, कारण सासरे एकही बैठक चुकवत नसत. सगळं कळल्यावर जो तो समोरच्या बांगड्या निरखायला लागला. वापरलेली राख ज्याच्या त्याच्या घरची होती. मग सांगायचं कोणी, यावर गाडी आली.

"तुजं सासरं हायत, तूच सांग," चाची म्हणाल्या.

"अध्यक्ष तुमी हाय, चाची."

"अगं, मी त्यास्नी राख चाळून दिली. आता कंच्या तोंडानं सांगू?"

मी नवऱ्याला म्हटलं, वडील तुमचे आहेत, तुम्ही बोला. तो म्हणाला, कराडच्या गाडीला उशीर होतोय. दिवस रविवार होता.

तेव्हा सल्लागारांनी पहिल्यांदाच सल्ला दिला. सत्कार करू या, म्हणाले. आपल्याकडे माणसाला कामावरून उठवायची ही सभ्य रीत आहे. शाल घातली, हातात नारळ दिला, डोक्यावर फेटा बांधला की माणूस समजून घेतो. शाळेतले मास्तर समजून घेतात, सोसायटीचे सचिव समजून घेतात. कोणाला वाईट बोलावं लागत नाही आणि फोटोही निघतो. मला ही कल्पना इतकी पटली की फेट्याचं कापड मीच शोधून आणलं.

सत्कार झाला. जो तो उठून म्हणाला की आजवर त्यांनी फार कष्ट केले, आता त्यांनी विश्रांती घ्यावी. चाचींनी 'विश्रांती' हा शब्द ओढ्यापलीकडे ऐकू जाईल असा उच्चारला. सासरे भगव्या फेट्यात, शाल पांघरून, मांडीवर नारळ घेऊन बसले होते आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. त्यांना बोलायला सांगितलं. ते उठले, दोनदा घसा खाकरला.

"जलमभर भांडी घासली," ते म्हणाले. "पर घासणाऱ्याला कुणी फेटा बांधत न्हाई. तुमी माज्या कामाची कदर केलीसा. आता मरस्तवर ह्यो सोलर सोडत न्हाई."

आम्हाला टाळ्या वाजवाव्या लागल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी ते फेटा बांधूनच वर गेले.

त्या दिवशी मी शिवायला बसले आणि एकच शिवण दोनदा उसवली. फेट्यात त्यांचा चेहरा कसा दिसत होता ते डोळ्यांपुढून जात नव्हतं. पण इंजिनिअर मुलीचा फोन येऊन गेला होता. नव्या प्लेटा तयार आहेत, आजोबांचं काय झालं, असं ती विचारत होती. हौदाशेजारी बायकांचे हंडे पुन्हा रांगेला लागले होते.

मग एका सकाळी मीच चढले. पदर खोचला, एका हातात चहाची किटली घेतली. खाली प्रेक्षक वगैरे काही जमले नाहीत. मी कशाला चढतेय हे कळून गल्लीनं दारं लावून घेतली होती. सासरे प्लेटेवर वाळू पसरत होते.

"अब्बा, जरा थांबा. चा घ्या."

ते चहाचा कप घेऊन कठड्यावर टेकले. मी गोष्ट घोळवून सांगायचं ठरवून आले होते, पण घोळवत बसले असते तर मला रडू आलं असतं. म्हणून सरळच सांगितलं. "अब्बा, ह्या प्लेटा काळ्याच असत्यात. त्यो काट न्हाई. काळ्या हायत म्हून त्या ऊन धरत्यात. घासून त्यांची काच गेलीया. त्येच्यामुळं टाकी भरंना झालीया."

त्यांनी कप खाली ठेवला. वाकून प्लेटेवरून तळवा फिरवला.

"म्हंजी ह्ये काळंच बरं व्हतं?"

"व्हय, अब्बा."

"आन् मी जेवढं घासलं, तेवढं..."

"व्हय."

त्यांनी खाली गल्लीतल्या बंद दारांकडे बघितलं. "सगळ्यास्नी ठावं हाय?"

"हाय."

"फेटा बांधला, तवा बी ठावं हुतं?"

मी किटलीचं झाकण घट्ट बसवलं. उठून त्यांनी प्लेटेवरची वाळू हातानं गोळा केली, अगदी कोपऱ्यातलीसुद्धा, आणि बादलीत भरली. बादली घेऊन ते शिडीनं खाली गेले. मी वर बसून राहिले आणि मला पोटभर रडू आलं. गल्लीनं केलेल्या सगळ्या खोटेपणात तो फेटाच सर्वांत वाईट होता, आणि त्याचं कापड मी आणलं होतं.

ते ओट्यावर बसले. भाकरी अर्धी झाली. चाची येऊन गेल्या, काही तरी बोलायला म्हणून आल्या आणि बांगड्यांचे भाव सांगून परत गेल्या. नवरा आता रोज घरी लवकर यायला लागला आणि बापाशेजारी ओट्यावर बसायला लागला. कोणी काही विचारलं की सासरे "बरं" म्हणायचे.

नव्या प्लेटा आल्या. इंजिनिअर मुलीनं बायकांना पुसायची रीत शिकवायचं ठरवलं. काढलेली एक जुनी प्लेट तिनं शादीखान्याच्या अंगणात, भिंतीला तिरकी टेकवून ठेवली. चाची साडीच्या आत मालकांची पँट घालून आल्या होत्या आणि ती सगळ्यांना दाखवत होत्या. आम्ही अर्धगोल करून उभ्या राहिलो तेव्हा मागून सासरे आले. खाकी पँट नव्हती, घरातली लुंगीच होती. बायकांनी वाट करून दिली.

"बाई," ते मुलीला म्हणाले, "मला वर चढायचं न्हाई. पर रीत काय हाय ती मला बी शिकवा."

मुलीनं फडकं भिजवून, पिळून त्यांच्या हातात दिलं. त्यांनी पुसायला सुरुवात केली. दुसऱ्याच हाताला खांद्यातून जोर आला आणि काच करकरली.

"हलकं, आजोबा," मुलगी म्हणाली. "नुसतं पाणी सरकवायचं."

त्यांनी मान हलवली. दोन हात हलके गेले आणि पुन्हा करकर ऐकू आली. मुलीनं पुढं होऊन त्यांचं मनगट धरलं, पोराला पाटीवर अक्षर गिरवायला शिकवतात तसं, आणि त्यांचा हात आपल्या हातानं काचेवरून नेला. तिनं धरला होता तोवर तो हलका होता. तिनं सोडला आणि करकर सुरू झाली. सासरे थांबले. त्यांनी स्वतःचा पंजा उलटासुलटा करून बघितला.

"न्हाई," ते म्हणाले. "ह्यो हात जड हाय. आता ह्या वयात हलका हुयाचा न्हाई."

कोणी तरी "असू दे हो" म्हणालं. त्यांनी तिकडं लक्ष दिलं नाही. फडकं बादलीत खळबळलं, नीट पिळलं, चौकोनी घडी घातली आणि माझ्या हातात दिलं.

"तुजा हात शिवणाचा हाय," ते म्हणाले. "तू कर."

म्हणून आता ते काम माझ्याकडे आहे. पंधरा दिवसांनी, ऊन चढायच्या आत, मी प्लेटा पुसायला जाते. टाकी भरते, म्हाताऱ्या बायकांच्या नळाला पाणी येतं. अब्बांना त्यानंतर दुसरं कुठलं काम सापडलं आणि ते सुखी झाले, असं लिहायला मला आवडलं असतं. तसं काही झालं नाही. एरवी ते ओट्यावरच असतात. पण ज्या दिवशी मी निघते त्या दिवशी ते माझ्याआधी उठून तयार असतात. बादली तेच भरतात, तेच उचलून शादीखान्यापर्यंत आणतात. मग ते शिडीपाशी उभे राहतात, पाय फाकवून, आणि दोन्ही हातांनी शिडी घट्ट धरतात. मी वर असेपर्यंत त्यांचे हात सुटत नाहीत. कोणी चहाला हाक मारली तरी ते मान वळवत नाहीत.

ती शिडी भिंतीत सिमेंटनं पक्की बसवलेली आहे. हत्ती चढला तरी हलायची नाही. हे गल्लीत सगळ्यांना ठाऊक आहे, आणि इतके दिवस तिच्यावरून चढउतार केलेल्या माणसाला ते ठाऊक नसेल असंही नाही. मी पहिल्या पायरीवर पाय ठेवते आणि विचारते, "अब्बा, धरलं का?"

"धरलंय," ते म्हणतात. मग मी चढते.